गांधीबागेच्या गल्ल्यांत बिनतारी जाळे : उत्क्रांतीच्या रीतीने आखणी

नागपूर शहराच्या पूर्व भागात, इतवारी व महाल या जुन्या वस्त्यांच्या शेजारी, गांधीबाग ही कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. कोष्टी विणकरांच्या मागांमुळे आणि पुढे १८७७ मध्ये सुरू झालेल्या जमशेटजी टाटा यांच्या एम्प्रेस मिलमुळे कापडाशी या शहराचे नाते जुने आहे. आज गांधीबागेत विदर्भाच्या गावोगावचे किरकोळ व्यापारी माल भरावयास येतात. लगतच्या सेंट्रल ॲव्हेन्यूवरून ११ डिसेंबर २०२२ पासून मेट्रो धावू लागली. परंतु हमरस्ता सोडून आत वळले की पुन्हा तीच अरुंद गल्ली, समोरासमोर दुकाने, माथ्यावर विजेच्या तारांचे जाळे, दाराशी कापडाच्या गाठी आणि त्यांतून वाट काढणारे हमाल.

या बाजाराचे व्यवहार गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. युपीआयची सोय २०१६ मध्ये आली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तर १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आवश्यक झाले. मुनिमाची रोजकीर्द संगणकावर गेली. अशा वेळी दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा तळघरातील गोदामात फोनला संपर्क मिळाला नाही, तर गाठ बांधून तयार असूनही बिल निघत नाही आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकाची परतीची गाडी चुकते. बाजारातील सर्वांना मिळून वापरता येईल असे बिनतारी जाळे, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेत सामाईक वाय-फाय, ही अशा ठिकाणी चैनीची बाब राहत नाही.

अशा जाळ्याच्या पेट्या नेमक्या कोठे बसवाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न दिसतो साधा. एखादा अनुभवी वायरमन गल्लीत फेरी मारून बोट दाखवील व काम होईल, असे कोणासही वाटावे. लहान जागेत तसे होतेही. तथापि जागा वाढल्या, की माणसाचा अंदाज अपुरा पडू लागतो. तेथे जीवसृष्टीच्या उत्क्रांतीवरून सुचलेली एक गणिती रीत उपयोगी पडते. गांधीबाग येथे घेतली आहे ती उदाहरणादाखल. आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत, गल्ल्यांचा स्वभाव मात्र खरा आहे.

लहर कोठे अडते

वाय-फायच्या पेटीला तंत्रज्ञ ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तिच्यातून निघणारी रेडिओलहर नेहमीच्या पट्ट्यात सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथा हिस्सा उरते. भिंती, जिने आणि मालाने भरलेल्या वस्तीत हाच ऱ्हास अधिक वेगाने होतो. अंतर दुप्पट होताच आठवा किंवा सोळावा हिस्सादेखील उरू शकतो.

हा ऱ्हास डेसिबल या एककात मोजतात. तीन डेसिबल गेले म्हणजे शक्ती निम्मी झाली आणि दहा डेसिबल गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. एका जाड भिंतीने दहा डेसिबल खाल्ले, तर तशाच दोन भिंतींपलीकडे शंभरावा हिस्साच पोचतो. जुन्या घरांच्या जाड भिंती यासाठी फार अडचणीच्या ठरतात. सुके कापड लहरीला फारसे अडवीत नाही. माणसाच्या शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे दाट गर्दी मात्र तिला शोषून घेते. म्हणजे लग्नसराईत आणि दिवाळीपूर्वी, जेव्हा जाळ्याची गरज सर्वाधिक, नेमकी तेव्हाच लहर सर्वाधिक दुबळी होते.

लोखंडी शटर हा आणखी एक घटक. धातूचा पत्रा लहर परतवून लावतो. दिवसा शटर वर गुंडाळलेले असते तेव्हा गल्लीतील पेटीची लहर दुकानात शिरते. रात्री शटर खाली आले की आत हिशेब करीत बसलेल्या मुनिमाचा संपर्क तुटतो. त्याच गल्लीचे दिवसाचे आणि रात्रीचे असे दोन नकाशे होतात. ज्या आराखड्यात यांपैकी एकच नकाशा धरलेला असतो तो कागदावर उत्तम दिसतो व प्रत्यक्षात फसतो.

शेजाऱ्याचा गोंगाट

मग पेट्याच भरपूर बसवाव्यात, हा सोपा उपाय सुचतो. त्यात खर्चाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण निराळी आहे. एकाच खोलीत दहा जण एकदम बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. पेट्यांचेही तसेच होते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ असे चॅनेल मोजले जात असले तरी लगतचे चॅनेल एकमेकांवर चढलेले असतात. परस्परांना न धक्का देणारे चॅनेल व्यवहारात तीनच धरतात : १, ६ आणि ११. जवळच्या दोन पेट्या एकाच चॅनेलवर आल्या, की त्यांना आळीपाळीने बोलावे लागते आणि दोघींचाही वेग घटतो.

भारतात हा पट्टा घरात आणि घराबाहेर वापरण्यास परवान्याची अट जानेवारी २००५ मध्ये उठविण्यात आली. ५ गिगाहर्ट्झचे अधिक प्रशस्त पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्ये खुले झाले. तेथे चॅनेल पुष्कळ आहेत; मात्र त्या आखूड लहरींना भिंत अधिक जाचते. शिवाय परवानामुक्त याचा अर्थ संरक्षणमुक्त असाही आहे. शेजारच्या दुकानदाराने स्वतःची पेटी त्याच चॅनेलवर लावली तर ती काढावयास त्याला कोणी फर्मावू शकत नाही. म्हणून बाजारात आधीपासून असलेल्या खासगी पेट्या या आराखडा करणाऱ्याने जमिनीतील खडकाप्रमाणे जशाच्या तशा गृहीत धरावयाच्या असतात. व्यापारी संघटनेने आपसात चॅनेल वाटून घेण्याचे ठरविले तर गोष्ट वेगळी, आणि ते फार बरे.

तीस लाख अब्ज आराखडे

समजा, बाजाराच्या एका भागात पेटी बसविता येईल अशा ४० जागा पाहणीत मिळाल्या. तेथे वीज आहे, मालकाची संमती आहे, तार नेता येते. त्यांपैकी १२ जागी पेट्या बसवावयाच्या आहेत. चाळिसांतून बारा जागा निवडण्याचे प्रकार किती? ५ अब्ज ५८ कोटी ६८ लाखांहून अधिक. प्रत्येक निवडीत बारा पेट्यांना तीन चॅनेल वाटण्याचे आणखी ५ लाख ३१ हजार ४४१ प्रकार. दोहोंचा गुणाकार सुमारे तीस लाख अब्ज इतका येतो. एखाद्या संगणकाने दर सेकंदाला एक हजार आराखडे तपासले तरी सर्व तपासून होण्यास ९४ हजार वर्षे लागतील. आणि ही केवळ बाजाराच्या एका भागाची गोष्ट.

अनुभवी माणूस अर्थातच सर्व प्रकार तपासत नाही. तो सर्वांत फायद्याची दिसणारी जागा प्रथम घेतो, मग उरलेल्यांत सर्वांत फायद्याची, असे करीत जातो. ही रीत वाईट नाही. तिचा दोष इतकाच, की पहिली जागा चौकातील म्हणून घेतली आणि नंतर तिच्यामुळे पुढच्या चार पेट्या अडचणीच्या ठिकाणी ढकलल्या गेल्या, तरी पहिला निर्णय पुन्हा तपासला जात नाही. मागे जाऊन मोडतोड करण्याची तयारी ज्या रीतीत आहे, तीच येथे हवी.

बियाणे निवडण्याची रीत

अशी रीत सुमारे साठ वर्षांपूर्वी विकसित होऊ लागली. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल यांनी १९६४ च्या सुमारास एक गमतीचा प्रयोग केला. बिजागऱ्यांनी जोडलेल्या पट्ट्यांची एक पाटी त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली. बिजागऱ्यांचे कोन नशिबावर हवाला ठेवून थोडेथोडे बदलावयाचे, वाऱ्याचा अडथळा कमी झाला तर बदल राखावयाचा, न झाल्यास टाकून द्यावयाचा. आरंभी वेडीवाकडी असलेली पाटी हळूहळू सपाट झाली. सपाट पाटीला अडथळा सर्वांत कमी, हे उत्तर कोणासही ठाऊक होते. ते कोणी न सांगता सापडले, हे महत्त्वाचे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात संकराची कल्पना मध्यवर्ती ठेवून या विचाराला शास्त्रीय बैठक दिली. त्यांच्या मार्गाला जनुकीय रीत म्हणतात. १९९० च्या दशकात युरोपातील संशोधकांनी मोबाइल मनोऱ्यांच्या जागा निवडण्याच्या प्रश्नाला ती लावून पाहिली. बिनतारी स्थानिक जाळ्यांचा प्रश्न त्याच कुळातला.

विदर्भातील वाचकास ही रीत परकी वाटू नये. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था कार्यरत आहे आणि संकरित कापूस म्हणजे काय हे येथील शेतकरी जाणतो. दोन वाणांतील चांगले गुण एकत्र यावेत म्हणून त्यांचा संकर करतात. संततीतून सरस झाडे निवडून पुढच्या पेऱ्यासाठी राखतात. जनुकीय रीतीत झाडाच्या जागी आराखडा असतो व शेताच्या जागी संगणकाची स्मृती. शंभर आराखडे यदृच्छेने तयार करावयाचे. प्रत्येकाला गुण द्यावयाचे. मग दोन-दोन आराखड्यांची कुस्ती लावून जिंकणाऱ्यास जनक म्हणून निवडावयाचे, जनकांचा संकर करून नवी पिढी काढावयाची, क्वचित एखाद्या संततीत यदृच्छेने लहानसा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, घडवावयाचा. सर्वांत सरस एक-दोन आराखडे मात्र बियाण्याच्या कणगीप्रमाणे तसेच पुढे न्यावयाचे. शंभर आराखड्यांच्या दोनशे पिढ्या म्हणजे वीस हजार तपासण्या. वर कल्पिलेल्या संगणकाला त्यासाठी वीस सेकंद पुरतात.

दहा दुकानांची गल्ली

ही क्रिया शिक्षकांना चौकटींच्या वहीवर विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. एका सरळ गल्लीत ओळीने दहा दुकाने आहेत. प्रत्येक दुकानाच्या दारी पेटी बसविता येते. पेटी स्वतःच्या दुकानाला आणि दोन्ही बाजूंच्या एकेका शेजाऱ्याला पुरते. आराखडा लिहिण्यासाठी दहा आकडे मांडावेत : जेथे पेटी तेथे १, जेथे नाही तेथे ०. गुण देण्याचा नियम असा : ज्या दुकानाला संपर्क मिळाला त्याचे १० गुण मिळवावेत, प्रत्येक पेटीच्या खर्चाचे १२ गुण वजा करावेत.

पहिला आराखडा ०१००११०००१ असा घेऊ. पेट्या दुसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि दहाव्या दुकानी आहेत. आठवे दुकान वगळता नऊ दुकानांना संपर्क मिळतो. गुण ९० वजा ४८, म्हणजे ४२. दुसरा आराखडा १०१००००१०१. पेट्या पहिल्या, तिसऱ्या, आठव्या व दहाव्या दुकानी. पाचवे आणि सहावे दुकान कोरडे राहते. गुण ८० वजा ४८, म्हणजे ३२.

आता दोहोंना मधोमध कापू. पहिल्याचे आरंभीचे पाच आकडे आणि दुसऱ्याचे अखेरचे पाच जोडले की ०१००१००१०१ ही संतती मिळते. पेट्या दुसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि दहाव्या दुकानी आल्या. दहाही दुकानांना संपर्क मिळाला, पेट्या मात्र चारच. गुण १०० वजा ४८, म्हणजे ५२. दोन्ही जनकांहून संतती सरस निघाली, कारण एकाची डावी बाजू चांगली होती आणि दुसऱ्याची उजवी. उलट जोडणीने होणारे भावंड १०१००१०००१ आहे. त्यास ४२ गुण पडतात. संकर प्रत्येक वेळी यशस्वी होतोच असे नाही, हेही विद्यार्थ्यांच्या ध्यानी यावे.

प्रत्यक्ष बाजारात आकडे दहाऐवजी चाळीस होतील. पेटी असेल तेथे १ ऐवजी चॅनेलचा क्रमांक येईल आणि गुण देताना भिंती, शटर व शेजारची गर्दी जमेस धरावी लागेल. क्रिया तीच.

एक सावधगिरी येथे नोंदविली पाहिजे. पिढ्यांमागून पिढ्या सरसाचाच संकर होत राहिला तर सर्व आराखडे एकसारखे होतात आणि प्रगती थांबते. सगळ्या पंचक्रोशीने एकच वाण पेरला आणि त्यावर एकच कीड पडली, तर काय होते ते कापूस उत्पादकास सांगावयास नको. म्हणून उत्परिवर्तनाला स्थान द्यावे लागते आणि संपूर्ण क्रिया वेगवेगळ्या आरंभापासून पुन्हा पुन्हा चालवून उत्तरे ताडून पाहावी लागतात. या रीतीने मिळालेले उत्तर सर्वोत्तमच असल्याची हमी नसते. ते चांगले असते आणि वेळेत मिळते.

शेवटचे दुकान

वरच्या संततीत एक उत्परिवर्तन घडवून पाहू. दहाव्या जागी असलेला १ पुसून तेथे ० लिहिला, तर आराखडा ०१००१००१०० असा होतो. पेट्या तीनच उरल्या. नऊ दुकानांना संपर्क मिळतो, गल्लीच्या टोकाचे दहावे दुकान सुटते. गुण किती? ९० वजा ३६, म्हणजे ५४. पूर्वीच्या ५२ हून दोन अधिक!

संगणक हाच आराखडा जिंकला म्हणून जाहीर करील. त्यात त्याची चूक नाही. त्याला जे मोजावयास सांगितले ते त्याने मोजले. एका दुकानाच्या संपर्काचे मोल दहा आणि पेटीचा खर्च बारा धरला, तेव्हाच शेवटच्या दुकानाचा निकाल लागला होता. पेटीचा खर्च बाराऐवजी नऊ धरला असता, तर चार पेट्यांच्या आराखड्यास ६४ आणि तीन पेट्यांच्या आराखड्यास ६३ गुण पडले असते व दहावा दुकानदार वाचला असता. गल्ली तीच, पेट्या त्याच, गणित तेच. बदलला तो केवळ एक आकडा, आणि तो आकडा लिहिणारा कदाचित गल्लीत कधी आलाही नसेल.

सरासरीचेही असेच आहे. नऊ दुकानांना पूर्ण संपर्क आणि दहाव्याला शून्य, अशी स्थिती अहवालात नव्वद टक्के यश म्हणून मांडता येते. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या योजनेत हे चालू नये. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, किमान मर्यादेची अट घालणे : एकाही जागी संपर्क ठरावीक पातळीखाली गेला तर आराखडा बाद, मग त्याचे बाकीचे गुण कितीही असोत. दुसरा मार्ग अधिक मोकळा आहे. खर्च आणि संपर्क यांना एका बेरजेत न कोंबता वेगळे ठेवावयाचे आणि ज्यांना दोन्ही बाबतींत कोणीच मागे टाकत नाही असे सगळे आराखडे समोर मांडावयाचे. आपल्या गल्लीत एका पेटीत तीन दुकाने, दोन पेट्यांत सहा, तीनांत नऊ आणि चारांत दहा हे चार आराखडे असे उरतात. पाच पेट्यांत दहा दुकाने हा आराखडा बाद होतो, कारण तेवढेच काम चार पेट्या करतात. उरलेल्या चारांतून कोणता घ्यावयाचा हे ठरविणे संगणकाचे काम नव्हे. ते ज्यांच्या पैशाचे व ज्यांच्या सोयीचे आहे त्यांचे.

अनेक उद्दिष्टे एकाच वेळी सांभाळणाऱ्या अशा रीतींत जगभर सर्वाधिक वापरल्या गेलेल्या रीतींपैकी एक भारतात जन्मली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. आयआयटी कानपूर येथे कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची बांधणी केली व २००२ मध्ये ती शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. एनएसजीए-दोन या नावाने ती ओळखली जाते. यंत्रांच्या भागांपासून पाणीवाटपापर्यंत नाना प्रश्नांना ती लावण्यात आली आहे.

गावासाठी हीच रीत

बाजारपेठेचे उदाहरण ग्रामपंचायतीस दूरचे वाटण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास मंजुरी मिळाली. तंतू पंचायतीच्या कचेरीपर्यंत आला तरी तेथून शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि दूरच्या वाड्यापाड्यांपर्यंतचे अंतर उरतेच. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर परिसरातील गावांत दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरपट्ट्यांतून हे मधले अंतर ओलांडण्याच्या चाचण्या केल्या. मोझिला संस्थेने घेतलेल्या स्पर्धेत २०१७ मध्ये या प्रकल्पास पहिले पारितोषिक मिळाले. तो प्रकल्प उत्क्रांतीच्या रीतीचे उदाहरण नव्हे. परंतु मधल्या अंतराचा प्रश्न किती खरा आहे ते त्यावरून कळते.

९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेस मान्यता दिली. तिच्यानुसार चहाची टपरी किंवा किराणा दुकानदेखील सार्वजनिक वाय-फायचे केंद्र होऊ शकते आणि त्यासाठी दुकानदारास परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. अशी केंद्रे एकत्र जोडणाऱ्या संस्थांना मात्र दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते. गांधीबागेसारख्या बाजारातील लहान दुकानदाराला आणि गावातील टपरीवाल्याला येथे एकाच दारातून प्रवेश आहे. अडचण अशी, की प्रत्येकाने आपापल्या सोयीने पेटी लावली तर चौकात दहा पेट्या आणि वस्तीच्या टोकाला एकही नाही, असे होण्याचा संभव मोठा. कोणत्या दहा दुकानदारांना प्रथम प्रोत्साहन द्यावे, हे ठरविताना वर सांगितलेली आखणी कामी येते.

गावाच्या आराखड्यात जागांचे वजन सारखे धरू नये. शाळेतील एका जागेवर चाळीस मुले अवलंबून असतात. आरोग्य उपकेंद्रात वापर थोडा, पण अडल्या वेळी फार मोलाचा. पंचायतीच्या कट्ट्यावर संध्याकाळी तरुण मंडळी जमतात. तेथे मागणी सर्वांत मोठी दिसेल आणि मागणीलाच वजन दिले तर सर्व पेट्या कट्ट्याभोवती गोळा होतील. ही वजने ग्रामसभेत वाचून दाखवावीत आणि इतिवृत्तात लिहावीत. गणित कळले नाही तरी अमुक वाडीला चार गुण आणि तमुक चौकाला दहा गुण का, हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. विचारलाही पाहिजे.

मोजणी

आराखड्याची गुणवत्ता अखेर पायी केलेल्या मोजणीवर ठरते. भिंतीने किती डेसिबल खाल्ले हे पुस्तकातून घेतले तर चुकीच्या पायावर फार अचूक गणित होते. साध्या मोबाइल फोनवरही संकेताची पातळी दाखविणारी मोफत सोय मिळते. पेटी तात्पुरती एका जागी टांगून, ठरलेल्या ठिकाणी उभे राहून, त्याच फोनने, त्याच उंचीवर नोंद घ्यावी. फोन बदलला की आकडे बदलतात. एक नोंद भर दुपारच्या गर्दीत आणि एक शटर खाली आल्यावर, अशी दोनदा मोजणी केली आणि आराखड्यास गुण देताना दोहोंपैकी कमी असलेला आकडा धरला, तर गर्दीनेही न मोडणारा आराखडा निवडला जातो. गावात हाच फरक उन्हाळा आणि पावसाळा यांत दिसतो. मार्चमध्ये निष्पर्ण झाडांतून स्वच्छ जाणारी लहर ऑगस्टमध्ये ओल्या पानांत अडखळते. माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांना किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांना हे काम आनंदाने करता येण्याजोगे आहे.

सर्वच ठिकाणी ही रीत वापरण्याची गरज नाही. चार खोल्यांच्या शाळेला दोन पेट्या पुरत असतील तर तेथे शंभर आराखड्यांच्या पिढ्या काढणे म्हणजे केवळ हौस होय. साधारणतः जागा पंधरा-वीसच्या पुढे गेल्या, अथवा अनेक पेट्यांत चॅनेल वाटावयाचे झाले, की तिचा लाभ दिसू लागतो. निविदा काढताना अधिकाऱ्यांनी कंत्राटदाराकडे केवळ पेट्यांची संख्या न मागता मोजणीचा तक्ता, गुण देण्याचा नियम आणि निवड न झालेले दोन-तीन पर्यायी आराखडेही मागावेत. पर्याय पाहिल्याशिवाय निवड कशातून झाली ते कळत नाही.

पेट्या बसल्यानंतर त्याच ठिकाणी, त्याच फोनने पुन्हा मोजणी करावी आणि आधीच्या तक्त्याशेजारी नवा तक्ता लावावा. कागदावर जेथे संपर्क होता व प्रत्यक्षात नाही, अशा जागा लाल खुणेने दाखवाव्यात. एक-दोन पेट्या चार हात सरकवून बहुतेक खुणा पुसल्या जातात. ज्या पुसल्या जात नाहीत, त्या जागांचे आकडे दुरुस्त करून संगणकाला पुन्हा वीस सेकंद कामाला लावावे. बाजारात नवे बांधकाम झाले, एखाद्या मालकाने संमती मागे घेतली किंवा दुकानाच्या दर्शनी भागाला पत्रा लागला, की तक्ता पुन्हा काढावा लागतो. म्हणून तो कंत्राटदाराच्या कपाटात न राहता बाजार संघटनेच्या वा पंचायतीच्या दप्तरी असावा, आणि पेटीची जागा, चॅनेल व शेवटच्या मोजणीची तारीख त्यात लिहिलेली असावी.